खडखड कुठे गेली?

मी येवल्याचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. "अरे वा, मग पैठणी स्वस्तात मिळवून देशील का?" किंवा "म्हणजे शिर्डीच्या जवळ ना?" पैठणीतलं मला काहीही कळत नाही, आणि हो, शिर्डीच्या जवळ. आज मात्र या दोन्हींबद्दल लिहीत नाहीये. आज लिहायचंय ते आमच्या गावावरून जाणाऱ्या दौंड-मनमाड लाइनबद्दल. खरं तर तिच्या आवाजाबद्दल.

झालं असं, की मागच्या शुक्रवारी रात्री पुण्याहून घरी निघालो. साइड लोअर बर्थ, कानात हेडफोन. नगर गेल्यावर मोबाइलची बॅटरी संपली म्हणून हेडफोन काढले, आणि लक्षात आलं की गाडी गप्प आहे. गप्प म्हणजे एकसारखी घरघर होती, पण लहानपणीचं ते 'खडखड-खडखड, खडखड-खडखड' कुठेच नव्हतं.

हा आवाज माझ्या विशेष लक्षात असण्याचं कारण म्हणजे आमचे आण्णा, माझे आजोबा. लहानपणी गाडीत बसलो की ते मला घड्याळ बघायला लावायचे. "पाऊण मिनिटात आपल्या डब्याखाली जितके खटके वाजतील, तितका गाडीचा स्पीड." मी बोटं मोडत मोजायचो. बावन्न खटके म्हणजे ताशी बावन्न किलोमीटर! पुढे इंजिनियरिंगला गेल्यावर एकदा हे गणित तपासून बघितलं. रूळ १३ मीटरचा असला आणि दर रुळाला एक खटका असला, तर बरोबर उत्तरासाठी ४६.८ सेकंद मोजायला हवेत. आण्णा ४५ मोजायचे. चार टक्के चूक. आमच्या टीममध्ये प्रोजेक्टचे अंदाज याच्या दहापट चुकतात :)

तर हा खटका म्हणजे दोन रुळांमधल्या फटीवरून चाक जाण्याचा आवाज. फट का ठेवायची, हे सातवी-आठवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा. "उष्णतेने धातू प्रसरण पावतात." प्रयोगशाळेतला तो गोळा आणि वलयही तुम्हाला आठवत असेल. थंड गोळा वलयातून आरपार जातो, तापवला की अडकतो. अठराव्या शतकातल्या ग्रॅव्हेसांडे नावाच्या डच शास्त्रज्ञाचा हा प्रयोग. घन पदार्थातले अणू जागच्या जागी थरथरत असतात. तापवलं की थरथर वाढते. पण शेजारच्या अणूच्या जवळ घुसणं फार अवघड असतं, आणि त्याच्यापासून जरा लांब जाणं त्यामानाने सोपं. म्हणून थरथर वाढली की दोघांमधलं सरासरी अंतरच वाढतं, आणि सगळा तुकडा फुगतो.

किती फुगतो? एक मीटर पोलाद एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण आमच्या लाइनचा हिशोब करू. डिसेंबरच्या पहाटे रूळ १० अंशांवर असतो. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असली, तर उन्हात पडलेला रूळ सहज ६० पर्यंत जातो. म्हणजे फरक ५० अंशांचा. दौंड ते मनमाड सुमारे २३५ किलोमीटर. गुणाकार करा: १४१ मीटर. फुटबॉलच्या मैदानाहून लांब इतका रूळ दर उन्हाळ्यात या लाइनवर 'तयार' व्हायला बघतो.

आता फटी असताना हे १४१ मीटर फटींमध्ये मावत होते. फटी गेल्या, खडखड गेली. मग ते १४१ मीटर कुठे गेले?

प्रश्न माझा नाही, आण्णांचा आहे. फर्स्ट इयरच्या सुट्टीत घरी आलो होतो. नुकताच α, L आणि ΔT शिकून आलेलो, डोक्यात हवा. मी त्यांना म्हटलं, "आण्णा, आता रूळ वेल्ड करतात. फट नाही, खटका नाही. तुमचं कामच संपलं." आण्णा शेंगा सोलत होते. वर न बघता म्हणाले, "का रे, लोखंड वाढायचं थांबलं का मग?"

मला उत्तर आलं नाही. माझ्या सूत्रात लांबी वाढत होती, आणि वाढायला जागाच नसेल तर काय होतं ते सूत्रात नव्हतं. विषय बदलला. पण हा प्रश्न गेली दहा वर्षं अधूनमधून डोकं वर काढतो. परवाच्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा म्हटलं एकदा नीट मुळापासूनच बघू.

आपल्याकडे या वाढीशी पहिला व्यवहार केला तो लोहारानं. बैलगाडीचं लाकडी चाक सुतार बनवायचा: मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून लाकडाच्या वक्र तुकड्यांचं कडं. हे सगळं आवळून धरते ती लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. गंमत अशी की धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान करतात. गार असताना ती चाकावर बसणारच नाही. मग जमिनीवर धाव आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचतात, लालसर होईपर्यंत तापवतात, आणि दोघातिघांनी सांडसांनी उचलून चाकावर बसवतात. लगेच पाणी! चर्र आवाज, वाफ, जळक्या लाकडाचा वास, आणि आकसणारी धाव सगळे सांधे करकचून आवळते. दीड मीटर व्यासाचं चाक धरलं तर परीघ ४.७ मीटर. ५०० अंशांनी तापवल्यावर तो जवळपास ३ सेंटिमीटर वाढतो. तेवढ्याच जागेत लोहाराचा सगळा खेळ. आण्णांनी हे लहानपणी शेकडो वेळा बघितलंय. ते सांगतात की उन्हाळ्यात धाव ढिली झाली की चाकं काढून पाण्यात टाकून ठेवायचे. लाकूड वाळून आकसलेलं असायचं, ते पाणी पिऊन पुन्हा फुगायचं.

वाफेच्या इंजिनाच्या चाकांवर पोलादी धाव चढवायची पद्धतही हीच होती. तापवा, चढवा, गार होऊ द्या. म्हणजे लोहाराला जे माहीत होतं त्यावरच आगगाडीही धावली.

लोहारानं प्रसरण कामाला लावलं. पण ज्याचं काम मोजण्याचं आहे, त्याला मात्र हे प्रसरण शत्रूच. त्याची मोजपट्टीच सकाळ-दुपार लांबी बदलते.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्यानं मद्रासला एक सरळ रेषा मोजायला घेतली. साडेसात मैल, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. पुढे ज्या सर्वेक्षणानं त्रिकोणांवर त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजला आणि हिमालयाच्या शिखरांची उंची काढली, त्याची ही सुरुवात. त्रिकोणांचे कोन दुर्बिणीनं मोजता येतात, पण पहिली बाजू जमिनीवर प्रत्यक्षच मोजावी लागते. ती चुकली तर पुढचं सगळंच त्या प्रमाणात चुकणार. लॅम्ब्टनची साखळी पोलादाची, १०० फुटांची. मद्रासच्या उन्हात ती दर अंशाला ०.३७ मिलिमीटर वाढणार. तापमानाचा अंदाज सगळीकडे १० अंशांनी चुकला, तर १२ किलोमीटरमागे जवळपास दीड मीटरचा घोळ. म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये ताणून ठेवायची, वर तंबू धरायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचे, आणि प्रत्येक मापाबरोबर तापमान लिहायचं. मग कागदावर दुरुस्ती. वीस वर्षं हे काम करत करत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला.

त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं (हो, तोच) १८३० मध्ये इंग्लंडहून वेगळी पट्टी आणली. ही थॉमस कोल्बी या अधिकाऱ्यानं आयर्लंडच्या मोजणीसाठी बनवलेली. १० फुटांच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी, एक लोखंडाची आणि एक पितळेची, मध्यभागी एकमेकींना पक्क्या जोडलेल्या. दोन्ही टोकांना एकेक आडवी जीभ, दोघींना सांधणारी. पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं, म्हणून तापल्यावर जीभ किंचित कलते. पण जिभेवर एक बिंदू असा असतो की कलूनही तो जागचा हलत नाही. बस्स, दोन टोकांच्या या दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं. घड्याळवाले असली युक्ती लंबकात शंभर वर्षं आधीपासून वापरत होतेच. याच पट्ट्यांनी १८४१ मध्ये आपल्या सीमेपलीकडे बिदरला अँड्र्यू वॉनं रेषा मोजली. पण तंबू काही सुटले नाहीत. दोन्ही धातू एकाच वेगानं तापायला हवेत ना!

लॅम्ब्टन, एव्हरेस्ट, वॉ यांची नावं पुस्तकांत आहेत. भर उन्हात पट्टीवर सावली धरून उभे राहिलेल्यांची नाहीत. हे मला पूर्वी खटकलं नसतं. आता का खटकतं ते पुढे येईलच.

आता आमची लाइन. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. दौंड-मनमाड सुरू झाली १८७८ मध्ये. ही वर्षं नीट बघा. १८७६ ते ७८ हा दख्खनमधल्या भयंकर दुष्काळाचा काळ. आमच्या लाइनची माती दुष्काळी कामावर आलेल्या लोकांनी टाकलीय.

पोलादाच्या वाढीवर रेल्वेचं उत्तर सोपं होतं: जागा द्या. दोन रुळांमध्ये काही मिलिमीटरची फट, आणि दोन्ही बाजूंनी फिशप्लेट नावाच्या पट्ट्या, ज्या ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज इंजिनियरनं शोधल्या. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी, म्हणजे रूळ आत-बाहेर सरकू शकतो. पुलांचंही तसंच. आमची लाइन कोपरगाव आणि पुणतांब्याच्या दरम्यान गोदावरी ओलांडते. अशा पुलाच्या लोखंडी गर्डरचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं सरकतं ठेवतात. असे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना मनमाडलाच आहे, १९०६ सालचा.

१३ मीटरचा रूळ ५० अंशांत ७.८ मिलिमीटर वाढतो. म्हणजे थंडीत आठेक मिलिमीटर फट असली की झालं काम. कागदावर! प्रत्यक्षात गाड्यांच्या ये-जा आणि ब्रेकमुळे रूळ हळूहळू एका दिशेला सरकत राहतात. इथल्या फटी मिटतात, तिथल्या रुंदावतात. फिशप्लेट गंजली की रूळ सरकेनासा होतो. आणि २३५ किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून असे ३६ हजार जोड. प्रत्येक जोडाला चार बोल्ट. कोण बघणार?

आण्णा बघायचे. आण्णा रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे चावीवाला. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या पाचरीला चावी म्हणतात. ती ढिली झाली की हातोड्यानं ठोकायची, बोल्ट आवळायचे, जोडांवर नजर ठेवायची. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडे आणि गाडी थांबवायचे फटाके. रोज पाच-सहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत. हिवाळ्यात फिशप्लेट उघडून तेल-ग्रीस, उन्हाळ्याआधी फटींची जुळवाजुळव. त्यांच्या तळपायाची कातडी अजून खडीसारखी आहे.

ते एक मे महिन्यातली दुपार सांगतात. सलग सहा जोड पूर्ण मिटलेले, आणि रूळ मधे बाजूला कलायला लागलेला. नागमोडी नव्हे, हाताची दोन बोटं मावतील इतकाच. गाडीची वेळ झालेली. हे झेंडा घेऊन पळत सुटले, फटाके लावले, गाडी थांबली. मग गँग आली, रूळ मोकळा केला, आणि पाऊण तासानं गाडी हळूहळू निघाली. खिडक्यांतून लोक त्यांना शिव्या घालत होते. "काय झालं पुढे?" मी लहानपणी विचारायचो. "काही नाही," आण्णा म्हणायचे, "गाडी गेली."

गोष्टीत काहीच न घडल्यामुळे मला ती बोअर वाटायची.

आता शेवटचा भाग, वेल्डिंगचा. १८९५ मध्ये हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं थर्मिटचं पेटंट घेतलं. ॲल्युमिनियमची पूड आणि लोहाचं ऑक्साइड मिसळून पेटवलं की वितळलेलं लोखंड मिळतं, भट्टीशिवाय, रुळाच्या कडेलाच. १८९९ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात त्यानं ट्रामचे रूळ जोडले. अशानं फट जाते, धक्का जातो, रुळांची टोकं झिजत नाहीत. पण वाढ?

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर असं: लोखंड वाढायचं थांबलेलं नाही, त्याला वाढू देत नाहीत. लांब वेल्ड केलेला रूळ ना फार गार ना फार गरम अशा तापमानाला, समजा ४० अंशांना, मोकळा करून मग स्लीपरला क्लिपांनी घट्ट बांधतात. स्लीपर खडीत रुतलेले. त्यानंतर तापमान बदललं तरी मधला रूळ हलत नाही, फक्त आतल्या आत दाब किंवा ताण साठवतो. फक्त टोकांजवळ थोडी हालचाल उरते, तिथे खास सरकते जोड बसवतात. साठलेलं बळ मी काढून बघितलं. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला जवळपास २ टन! दुपारी ६० अंश झाले की एकेका रुळात ४० टन दाब. हिवाळ्यात पहाटे १० अंशांवर उतरला की ६० टन ताण. आणि हे बळ लांबीवर अवलंबून नाही. एक किलोमीटर असो की दहा, आकडा तोच.

म्हणजे ते १४१ मीटर कुठे गेले नाहीत. ते तिथेच आहेत, रुळाच्या पोटात, आणि त्यांना धरून बसलीय ती खडी. कुठे खडी कमी झाली, कुठे क्लिपा ढिल्या झाल्या, की मे महिन्यातल्या दुपारी रूळ साप पळावा तसा बाजूला उसळू शकतो. आणि थंडीत वेल्ड तुटू शकतो. म्हणूनच, रुळाचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की आजही माणूस चालत पाठवतात. थर्मामीटर आले, मशिनं आली, तरी भर दुपारी खडीवरून चालणारा माणूस आहेच. "तुमचं कामच संपलं" असं मी ज्यांना म्हटलं होतं, त्यांचं काम आत्ता, तुम्ही हे वाचताना, कोणीतरी करतोय.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीय. कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्या आठवड्यात सगळे आपापल्या घरच्यांबद्दल सांगत होते. कुणाचे आजोबा वकील, कुणाचे प्रोफेसर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "रेल्वेत होते." एक जण म्हणाला, "अरे वा, इंजिनियर?" मी हसलो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढची चार वर्षं, आणि मग नोकरीतही, तेच चालू राहिलं. खोटं बोललो नाही असं स्वतःला समजावत आलो. पण ते खोटंच होतं.

शनिवारी सकाळी घरी पोचलो. आण्णा आता ८६ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. ओट्यावर बसले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "खटके मोजले का रे?"

"आण्णा, आता खटके नाहीत," मी जोरात म्हटलं. "पण तुम्ही विचारलं होतं ना, लोखंड वाढायचं थांबलं का म्हणून? नाही थांबलं. दुपारच्याला एका रुळात चाळीस टन जोर असतो."

"किती?"

"चाळीस टन!"

आण्णांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "मग खडी भरपूर पायजे." आणि थोड्या वेळानं, "उन्हाळ्याच्या आत टाकायला पायजे."

चार वर्षं इंजिनियरिंग, एक रात्र गणित, आणि त्यांनी दोन वाक्यांत उपाय सांगितला.

सोमवारी ऑफिसात चहाला कोणीतरी विचारलं, वीकेंडला काय केलंस. म्हटलं, घरी गेलो होतो, आजोबांना भेटायला. ते रेल्वेत चावीवाला होते. "म्हणजे काय?" असं त्यानं विचारलं, आणि मग चहा गार होईपर्यंत मी सांगत बसलो.